खर्जाविना स्तोत्र

हॉलोब्रुक, कनेटिकट
ऑक्टोबर १८०२

आदरणीय जेरुशाताई,

तुमच्या भावाचं गाण्याआधीचं खाकरणं अजून माझ्या कानात आहे. रविवारी सकाळी प्रार्थनाघराच्या वरच्या सज्जात मी सूर देणारी लाकडी शिट्टी फुंकायचो, असाहेल खाकरायचा, आणि खाली पेंगणारी म्हातारी मंडळी सावरून बसायची. (तुम्ही पुढच्या बाकावरून वळून त्याच्याकडे डोळे वटारायचात, हेही आठवतं.) आता ती म्हातारी मंडळी आपणच. असो, नमस्कार करायचा राहिलाच, तो इथे स्वीकारावा. गुडघा कसा आहे? व्हरमाँटची थंडी त्याला सोसवत नसणार. आमच्याकडे सफरचंदं उतरवून झाली, सायडर पिंपांत भरली, आणि माझी हेप्सी अंथरुणाला खिळली आहे. तिच्याबद्दल लिहितो, पण आधी जरा मन घट्ट होऊ दे.

आपल्या गावात पूर्वी भांडणं नव्हती असं नाही. पण ती कुंपणावरून किंवा डुकरांवरून व्हायची आणि पहिल्या बर्फाबरोबर निवायची. आता भांडण शहरातून छापून येतं, त्याला ऋतू नाही. सरकार बळकट हवं म्हणणारे फेडरलिस्ट, सरकारला वेसण हवी म्हणणारे रिपब्लिकन, आणि दोघांच्याही मते दुसरा देश बुडवणार. तीन वर्षांपूर्वी चार जुलैला, स्वातंत्र्यदिनी, गावात दोन जेवणावळी झाल्या. मी फेडरलिस्टांच्या खाणावळीत गेलो, कारण तिथे कविता वाचू देणार होते. (शाळेत जडलेलं व्यसन, हेप्सी म्हणते, गोवर आला नि गेला, हे मात्र राहिलं.) असाहेल रिपब्लिकनांकडे गेला, कारण त्यांचं डुक्कर चांगलं भाजलं होतं. दारात कोणीतरी माझ्या टोपीला काळ्या फितीचं फूल टोचलं, तिकडे त्याच्या टोपीला लाल-पांढरं-निळं. मला वाटलं, सणाची शोभा असेल. त्या दिवशी घरी परतलो तेव्हा आम्ही एकमेकांचे शत्रू झालो होतो, आणि आम्हाला ते दुसऱ्या दिवशी लोकांकडून कळलं.

पुढच्या वर्षी निवडणुकीच्या तोंडावर पाद्रीबुवांनी रिपब्लिकनांना नरकातल्या जागा वाटून दिल्या. प्रवचन संपायच्या आत असाहेलसकट सज्जातला सगळा खर्ज उठून गेला. लोहार, चांभार, गाडीवान, म्हणजे गावातल्या जितक्या म्हणून रुंद छात्या होत्या, त्या नेमक्या त्याच पक्षात निघाल्या. (मुद्दाम निवडून फाळणी केली असती तरी इतकी नेटकी जमली नसती.) ते आता ओढ्यापलीकडे बाप्टिस्ट पंथाच्या प्रार्थनाघरात गातात. आमचं स्तोत्र पाय नसल्यासारखं हवेत लोंबकळतं; आणि त्यांचं ऐकलं की वादळ येतंय असं वाटून आमच्या गायी गोठ्याकडे निघतात.

ताई, डॉक्टर म्हणाले, पानं गळेपर्यंत. हेप्सीला औषध नको, पाद्री नको, माझ्या कविताही नकोत. आमच्या लग्नात आम्ही तिघांनी म्हटलेलं स्तोत्र तिला एकदा पूर्ण ऐकायचंय. पूर्ण म्हणजे खालच्या सुरासकट. असाहेलचं नाव ती घेत नाही. मला अवघड वाटू नये म्हणून. परवा मीच तिच्या उशाशी बसून खर्ज लावायचा प्रयत्न केला. ती डोळे न उघडताच म्हणाली, "इनॉक, कुणाला लागलंय का रे?" मी हसलो. मग सरपण आणायच्या निमित्ताने बाहेर गेलो आणि बराच वेळ तिथेच थांबलो.

गेल्या आठवड्यात असाहेल गिरणीवर भेटला. मी त्याच्या घोड्याला सांगितलं की हेप्सी बरी नाही. त्याने माझ्या घोड्याला विचारलं, जेवते का? मी त्याच्या घोड्याला म्हटलं, नाही. त्याने टोपी काढली. तेवढ्यात मागून कोणीतरी टोमणा मारला, "काय असाहेलराव, फेडरलिस्टांत सोयरीक जमवताय वाटतं?" त्याने टोपी चढवली, गाडी हाकली, आणि पिठाची पोती तिथेच विसरून निघून गेला.

हे सारं केवळ खुशाली म्हणून कळवलं. माझी काही मागणी नाही. हेप्सी तुमची आठवण काढते.

तुमचा,
इनॉक

ता. क. मागणी आहे. तो तुमचं अजून ऐकतो, तेव्हा दोन ओळी त्याला लिहा. पक्ष सोड म्हणू नका, नुसतं गा म्हणा. माझ्या टोपीचं फूल मी काढून टाकतो. त्याने त्याचं ठेवलं तरी चालेल. पण लवकर लिहा. दारचा मेपल निम्म्याहून जास्त उघडा झाला आहे.

आणखी ता. क. पत्र बंद करत होतो तोच दार वाजलं. पाहतो तर तुमची भावजय डॉर्कस. ही बाई दोन वर्षांत आमच्या दाराकडे फिरकली नव्हती. बाजारात मला पाहिलं की रस्ता बदलायची. धाप लागलेली, जोडे चिखलाने भरलेले. मी आत ये म्हटलं, तर उंबऱ्याबाहेरूनच बोलली.

"बसायला वेळ नाही, भावजी. फेडरलिस्टाच्या घरात पाऊल टाकणार नाही म्हणून आमच्या गाढवाने चारचौघांत शपथ घेतलीय. पण अंगणाला पक्ष नसतो म्हणतो. ओढ्यापलीकडच्या सगळ्यांना घेऊन कुंपणाशी उभा आहे. हेप्सीताईंची खिडकी कोणती, तेवढं सांगा."