डाव्या वहाणेची सम

तीर्थरूप तात्यासो मामांस, भाचा पार्श्वनाथ याचा डाव्या पायाने वाजणारा आणि उजव्या पायाने मुका जयजिनेंद्र. मामींचा दमा, आपली नवी घोडी आणि चंदनाच्या लग्नाची तयारी यथास्थित असावी.

महाराज सरकारांच्या राज्यात ज्याला त्याला दाद मिळते म्हणतात. पण एकच वहाण वाजते, ही फिर्याद कुठल्या कचेरीत न्यायची? कोल्हापुरात वहाण कर्रकर्र वाजली नाही तर माणूस आल्याची दखल कुणी घेत नाही. म्हणून तळाच्या दोन कातड्यांत कर्रकर्र वाजणारं बी घालून घ्यायचं ठरवलं. घरी येऊन बघतो तर बी फक्त डावीत! परत गेलो, तर कारागीर म्हणाला, "बी संपलं, पावणं. हप्त्याभरात येतंय, तंवर चाला की!"

चाललो. कर्र... (मुकं)... कर्र... (मुकं). चार दिवसांत लंगडल्यागत पाय पडू लागला, मग जीभही. अर्धं वाक्य ठसक्यात, अर्धं पोटात. बायको म्हणते, "धड भांडा तरी! निम्म्यात गप्प झाल्यावर मी कुठनं सुरू करू?" बसवतही नाही. एक पाऊल वाजलं की दुसऱ्याच्या आवाजाची ओढ लागते, तो येत नाही, म्हणून तिसरं टाकायचं.

आपल्याकडच्या बारशातही तेच. आत शालूबाई गात होत्या, तबल्यावर म्हातारा मौलाली, आणि मी ओट्यावर वहाणांसकट येरझाऱ्या घालत होतो. बाई संथ, मी घाईत, मौलालीची बैठक दाराशी. पुढचं आपण पाहिलंच. बाईंची तान अजून हवेत, आणि मौलालीची सम येऊन गेलेली! पाहुणे हसले. आपण म्हणालात, तीस वर्षं वाजवलं, आता हात गेला याचा; लग्नाला मिरजेचा वादक आणू. मीही मान डोलावली. (तीही बेतालच.) तेव्हापासून पेठेतही त्याला कुणी बोलावत नाही. भरदुपारी तबला झाकून बसलेला असतो. असो. आपला निवाडा रास्तच. बाकी क्षेम.

आपला,
पार्श्वनाथ

ता. क. बाकी क्षेम नाही. मौलालीचा हात शाबूत आहे. चुकलेली सम माझ्या वहाणेची होती, आणि ते ठाऊक असून मी गप्प बसलो. चंदनाच्या लग्नाला तोच बोलवावा.

आणखी एक. पत्र त्याच्याच हाती आपल्याकडे धाडतोय. त्याला मोडी येत नाही, म्हणून आधी त्याच्या अंगणात, शेजारीपाजारी ऐकतील अशा बेतानं, सगळं वाचून दाखवलं. हसला नाही. गुडघ्यावर बोटं धरून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मालक, 'माझ्या वहाणेची होती' हितं लई घाई केलासा. परत वाचा."

सावकाश वाचलं.