पुडीवर विसंबून घालवलेले अकरा महिने

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा चष्म्याच्या काचा घासण्याचा (हात थरथरू लागल्यापासून बंद), लिहून ठेवतो की आज माझी बुद्धी शाबूत आहे, मला कोणी भरीस घातलेले नाही आणि लिहितो आहे त्याचा अर्थ मला कळतो. ‘आज’ हा शब्द मुद्दाम घातला आहे. गेल्या महिन्यात मी स्वतःच्याच गल्लीत वळण चुकलो. तपासण्या झाल्या. रक्तात काहीच कमी नाही, म्हणजे भरून काढण्यासारखेही काही नाही. म्हणून ही घाई.

कायद्याची भाषा माझी नव्हे. माझी पत्नी एकतीस वर्षे वकिलाच्या कार्यालयात टंकलेखिका होती. घरीही ती मला चिडवायला म्हणायची, “मीठ सदरहू बरणीत आहे.” तिच्याकडून जेवढी उचलली तेवढी इथे वापरतो.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची काचा घासायची खोली, माझ्या एकुलत्या एक मुलीच्या नावे करतो. विकायचे तर खुशाल विकावे. मागच्या दाराची कडी आधी वर उचलायची, मग ओढायची. मुलगी दर आठवड्याला फोन करते आणि मी दोन मिनिटांत ठेवून देतो. बाबा तुसडे झाले, असे तिला वाटत असेल. खरे कारण कलम ३ मध्ये आहे.

कलम २. घासण्याचे यंत्र आणि नंबर तपासण्याच्या काचांची पेटी माझ्याकडे नऊ वर्षे काम केलेल्या आणि आता स्वतःचे दुकान चालवणाऱ्या बाईंना द्यावी. पेटीत उणे दोनची एक काच नाही. ती माझ्या हातून फुटली होती. गिऱ्हाईक समोर होते, मी बाईंकडे बघितले, जणू त्यांनीच फोडली, आणि त्यांनी मान खाली घालून गिऱ्हाइकाचे बोलणे ऐकून घेतले. बाई, मला माफ करा. चूक दुसऱ्याच्या पदरात टाकायची सवय मला तेव्हापासूनची आहे.

कलम ३. कबुली. हे कलम मुलीसमोर मोठ्याने वाचावे. एकही ओळ गाळू नये.

सहा वर्षांपूर्वी मोठ्या दवाखान्यात एक अभ्यास सुरू झाला. पाण्यात विरघळवून रोज एक पुडी घ्यायची; तिने म्हातारपण धडधाकट जाते का, हे त्यांना पाहायचे होते. निम्म्यांच्या पुडीत खरे औषध, निम्म्यांच्या पुडीत तसेच दिसणारे नुसते पीठ. कोणाला काय मिळते हे डॉक्टरांनाही ठाऊक नसायचे. आम्ही दोघे नाव द्यायला गेलो. दहा शब्द ऐकवून थोड्या वेळाने परत विचारायचे. मी सात सांगितले. तिने तीन. मला घेतले, तिला नाही. अभ्यासाच्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितले की पत्नीला वरच्या मजल्यावर, वृद्धांच्या विभागात नेऊन रीतसर तपासून घ्या. जिना उतरताना ती म्हणाली, “अहो, मला नीट ऐकूच आलं नव्हतं.” मला तेच ऐकायचे होते.

दुसऱ्या दिवसापासून माझी पुडी मी तिच्या दुधात घालू लागलो. रिकाम्या पुड्या दर महिन्याला परत द्यायच्या, त्या मीच घेतल्यासारख्या देत होतो. संध्याकाळी वहीत दहा शब्द लिहून ठेवायचो आणि सकाळी तिला म्हणायला लावायचो. तिसऱ्या महिन्यात ती आठ सांगू लागली, पाचव्यात नऊ. मी हरखून गेलो. वरच्या मजल्याचे नावही काढले नाही.

त्याच सुमारास मुलगी चार दिवस राहून गेली. तिच्या नजरेतून काही सुटत नाही. आईच्या बोटांना मुंग्या येतात, चालताना ती भिंत धरते, पायाखालची जमीन तिला कळत नाही, हे मुलीनेच पाहिले. म्हणाली, “बाबा, आईचं रक्त तेवढं तपासून घ्या.” मी म्हणालो, “तुला तुझी आई म्हातारी झालेली बघवत नाही, म्हणून आजार शोधतेस.” शब्दाने शब्द वाढला. ती रडत बॅग भरून गेली.

पुडी सुरू केल्यापासून अकराव्या महिन्यात पत्नी जिन्यावरून पडली. दवाखान्यात रक्त तपासले, तर एक जीवनसत्त्व जवळजवळ संपलेले होते. तिच्या पोटाला ते अन्नातून घेता येत नव्हते. उपाय साधा होता, ठरावीक दिवसांनी एक इंजेक्शन. तिथले डॉक्टर म्हणाले, “वर्षभर आधी आणलं असतंत तर बरंच परत आलं असतं.” तेवढ्यात मुलगी धावत आली. तिने विचारले, “मी सांगितलं तेव्हा रक्त तपासलं होतं ना?” मी म्हणालो, “तपासलं होतं. तेव्हा सगळं ठीक होतं.” ती माझा हात धरून म्हणाली, “मग माझंच चुकलं, बाबा. उगाच तुम्हाला बोलले.” ती माफी मी घेतली. आजतागायत परत केलेली नाही.

इंजेक्शनांनी तिचे पाय बऱ्यापैकी सावरले. शब्द परत आले नाहीत. शेवटच्या वर्षी ती मला गिऱ्हाईकासारखी विचारायची, “चष्मेवाले, तुमची घरी कोणी वाट बघत नाही का?” मी म्हणायचो, बघतात.

ती गेल्यावर टंकयंत्राच्या कव्हरमध्ये चिठ्ठ्यांचा गठ्ठा सापडला. प्रत्येकीवर माझ्या वहीतले दहा शब्द. ती वही गुपचूप बघून ते उतरवून घ्यायची आणि सकाळी दुधाच्या पातेल्याआड चिठ्ठी धरून वाचायची. अक्षरे खालीवर उमटलेली, कारण बोटे बधिर झाली होती. एका चिठ्ठीच्या तळाशी लिहिले होते : “यांना बरं वाटतं.”

मग अभ्यास संपला आणि पत्र आले. मी पीठवाल्या गटात होतो. अकरा महिने मी तिला पीठ पाजले. डॉक्टरीणबाईंकडे जाऊन सगळे सांगितले. वाटले, त्या मला हाकलून देतील. त्या म्हणाल्या, “काका, तुम्ही पीठ घेतलं नाहीत, एवढंच. आमच्या आकड्यांत त्यानं काही बिघडत नाही.” माझ्या त्या चोरीचे एवढेच मोल होते. ज्यांना खरे औषध मिळाले त्यांचे काय, हेही विचारले. चालण्यात किंचित फरक असेल-नसेल, स्मरणात नाही, अजून अभ्यास हवा, असे उत्तर मिळाले. शरीरात जे कमी असेल ते वेळेवर दिले तर माणूस सावरतो. काय कमी आहे ते पाहायला मात्र आधी सुई टोचून घ्यावी लागते. याहून जास्त मला समजलेले नाही.

कलम ४. माझ्या धाकट्या भावाला काहीही देऊ नये. त्याने पत्नीच्या त्या ‘बऱ्या’ महिन्यांत तिचा हसरा फोटो काढला आणि आपण विकतो त्या ‘चिरतरुण’ पावडरीच्या डब्यावर छापला. पावडर तिने कधी चाखलीही नव्हती. मी भांडायला गेलो तेव्हा तो म्हणाला, “दादा, लोकांना आशा वाटते, त्यात वाईट काय?” मी आल्या पावली परत फिरलो, कारण आशेचा तोच माल मी घरात वाटला होता. तो फोटो काढून टाकावा. न काढल्यास मुलीने नोटीस द्यावी.

कलम ५. बँकेतील ठेव वरच्या मजल्यावरच्या त्या विभागाला द्यावी, म्हणजे पैशावाचून कोणा वृद्धाची रक्ततपासणी अडणार नाही. टंकयंत्र आणि चिठ्ठ्या मुलीच्या.

कलम ६. हे कलम आयत्या वेळी घातले आहे. वरील मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवल्यावर कोपऱ्यावरचे डॉक्टर म्हणाले, “काका, कलम तीन मेल्यावर वाचायचं नाही. आत्ता फोन लावा.” मी नाही म्हणालो. दुसरे साक्षीदार, पत्नीच्या वकील कार्यालयातले जुने कारकून, यांनी नंबर फिरवून फोन माझ्या कानाला लावला. मी कागद समोर धरून सगळे वाचले. वाचून होताच पलीकडून फोन ठेवला गेला. अर्ध्या तासाने तिचाच फोन आला.

“घराचं नंतर बघू,” ती म्हणाली. “मी रविवारी येते. मला तुमच्याशी भांडायचं आहे, आणि तुम्हाला सगळं आठवत असताना भांडायचं आहे. तोपर्यंत विसरू नका.”

आज बुधवार. मध्ये तीन दिवस आहेत.

वरील सहा कलमे मी स्वतः लिहिली, वाचली आणि साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण : राहते घर, समोरची खोली
दिनांक : चार नोव्हेंबर, बुधवार, दुपार

(सही)
काचा घासणारा, लिहून ठेवणार

साक्षीदार १ : (सही) कोपऱ्यावरचे डॉक्टर. आज तपासले. लिहून ठेवणार भानावर आहेत.

साक्षीदार २ : (सही) वकील कार्यालयातले निवृत्त कारकून. रविवारी सकाळी मी येऊन त्यांना आठवण करून देईन.