लुस्मिलाचा दगडी अल्पाका

प्रिय अंतरा,

फोन करणार होते, पण फोनवर तू विषय बदलतेस आणि मग आपण तुझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांवर बोलत बसतो. म्हणून लिहितेय. रागात लिहितेय, हे आधीच सांगून ठेवते. फाडून न टाकता शेवटपर्यंत वाच.

परवा शुक्रवारी लुस्मिला आली होती. आमच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझ्या शेजारी बसायची ती पेरू देशातली मुलगी. तू तिला कधी भेटली नाहीस, पण तिचा दगड तू चांगलाच ओळखतेस. काळाभोर, मुठीएवढा अल्पाका, म्हणजे त्यांच्या डोंगरातलं ते लोकरीचं जनावर. नंदू त्याला उंटाचं पिल्लू म्हणायचा आणि ओमानमध्ये, या सोहारमध्ये राहून उंट दगडाचे का ठेवायचे, असं विचारून स्वतःच हसायचा. तू आलीस त्या संध्याकाळीच मी तुला सांगितलं होतं, की हे शोकेसमधलं खेळणं नाही. कोलंबस तिकडे पोहोचायच्या आधीचा आहे तो, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिच्या घरात आहे. पाठीतल्या खळग्यात चरबी आणि पानं ठेवायची, म्हणजे गोठ्यात पिल्लं होतात. आई आजारी पडली म्हणून ती घाईने गावी गेली, घर रिकामं केलं आणि हा माझ्याकडे ठेवला. एवढंच म्हणाली, की धुऊ नकोस. आतला तो काळा थर तिच्या पणजीच्याही आधीचा होता.

मी तो दोन्ही हातांत धरून तिच्यापुढे ठेवला आणि तो माझ्या हातातच दोन तुकडे झाला. मानेपासून शेपटीपर्यंत चीर, आणि चिरेत तो आपला नेहमीचा चिकटवायचा गोंद. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. लुस्मिला रडली नाही, ओरडली नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. मी मात्र सगळा राग नंदूवर काढला. एसीवाल्याला तूच आत घेतलंस, कपाट तूच हलवलंस, घरात एक वस्तू धड राहू देत नाहीस, असं परक्या बाईसमोर नवऱ्याला वाट्टेल ते बोलले. तो बिचारा चहा टाकायला निघून गेला. त्याची माफी तू मागायची आहेस.

लुस्मिलाने तुकडे उचलले आणि खळगा नाकाशी नेला. ही तिच्याकडची चरबी नव्हे, म्हणाली. मग मीही वास घेतला. अंतरा, साजूक तुपाचा वास मला पेरूच्या बाईने ओळखायला लावावा? गोंदात वातीचा जळका कापूस अडकला होता, अक्षतेचा एक दाणा होता, हळदीने पिवळा झालेला. या घरात अक्षता कोण करतं? मी तर वर्षानुवर्षं देवापुढे उदबत्तीसुद्धा धड लावत नाही. तू तूप भरलंस, फुलवात लावलीस. आपल्याकडे दिवा कुणी फुंकत नाही, म्हणून तूही फुंकला नाहीस. माझी गाडी वाजली, तू घाबरलीस आणि तो तापलेला दगड तसाच नळाखाली धरलास, तो तडकला. दुसरं काय झालं असणार? मग गोंद लावून चीर भिंतीकडे करून ठेवलीस आणि रात्री माझ्याबरोबर सुरमई खाल्लीस. दुसऱ्यांदा वाढून घेतलीस.

कुणी हे ठेवलं, असं लुस्मिलाने विचारलं. माझ्या बहिणीने, म्हटलं. ती म्हणाली, की तिच्या माणसांत हा खळगा उगाच कुणी भरत नाही. घरात काही जन्माला यावं असं फार वाटतं, तेव्हाच भरतात.

महिनाभर होतीस माझ्याकडे. सुट्टी हवी होती, जयप्रकाशला रजा नव्हती, असं म्हणालीस. मी वेड्यासारखी तुला इथल्या बाजारात, सूकमध्ये आणि समुद्रावर फिरवत राहिले, वजन उतरलं म्हणून चिडवत राहिले. तुझ्या पिशवीतल्या गोळ्या ॲसिडिटीच्या आहेत म्हणालीस आणि मी ऐकलं. किती वर्षं चाललंय हे? डॉक्टर काय म्हणतात? आईला माहीत आहे का? की मीच तेवढी परकी?

दगड फुटल्याचा राग आहेच, तो जाणार नाही. पण पत्र त्यासाठी नाही. लुस्मिला उद्या निघतेय. फुटलेला अल्पाका ती घरच्या गोठ्यात पुरणार आहे, त्यातल्या तुझ्या तुपासकट. पुरताना मागणाऱ्याचं नाव मोठ्याने घ्यायचं असतं, म्हणून तिने ते विचारलं आणि मी दिलं, तीनदा म्हणवून घेतलं. मग काय मागितलं तेही विचारलं. ते तिने ओळखलं होतं, मीही ओळखलं होतं, तरी मी सांगितलं नाही. तू मला सांगितलेलं नाहीस, तर मी कुणाला काय सांगणार? ज्या दगडाला मराठी येत नाही त्याला सांगितलंस, अंतरा, आणि मी महिनाभर पलीकडच्याच खोलीत झोपत होते.

तुझीच,
अजून न निवळलेली
देविकाताई