आशीर्वादाच्या पेन्सिलीने भरलेली उत्तरपत्रिका डोळ्यांनी तपासण्याबाबत

प्रति,
मा. प्रादेशिक संचालक,
शिक्षक परवाना परीक्षा विभाग,
इलोइलो शहर

विषय : कु. लोरेलिन गालेनो हिची दुपारच्या सत्राची उत्तरपत्रिका ३० जूनपूर्वी यंत्राऐवजी माणसाकडून तपासून मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा दि. २९ एप्रिलचा अर्ज. २) आपल्या कार्यालयाचे दि. १६ मेचे उत्तर, ओळी दोन.

महोदय,

अर्जदार श्रीमती पर्पेतुआ गालेनो, वय ५४, शिक्षण सहावी पास, धंदा आंब्याच्या कागदी पिशव्या करणे, राहणार सान रोके वस्ती, गिमारास बेट, या आपणांस दुसऱ्यांदा सविनय अर्ज करीत आहेत. बाई समोर बसून सांगत आहेत व वस्तीचा सचिव या नात्याने खाली सही करणारा लेखनिक लिहून घेत आहे. मध्येच भाषा सरकारी राहिली नाही, तर तो दोष लेखनिकाचा धरावा.

१. आपल्या उत्तरात म्हटले आहे की, यंत्राने केलेली तपासणी अंतिम असते आणि सर्व उत्तरपत्रिका ३० जून रोजी नियमानुसार नष्ट करण्यात येतील. पहिली ओळ अर्जदारास समजली. दुसऱ्या ओळीसाठी हा अर्ज.

२. अर्जदाराची एकुलती कन्या लोरेलिन हिने येथील शाळेत दुसरीच्या वर्गाला तीन वर्षे मानसेवी म्हणून शिकवले. परवाना मिळताच तीच जागा तिला कायम मिळावयाची होती. गेल्या सप्टेंबरात ती परीक्षेस बसली. सकाळच्या सामान्यज्ञानाच्या पत्रिकेत तिला ८४ गुण आहेत. दुपारी 'शिकण्याचे सिद्धांत व अध्यापन' ही पत्रिका होती. तीत तिला ३१ गुण आहेत. जो विषय तिने वर्षभर घोटला, ज्यावर तिचे पोट आणि जीव दोन्ही होते, त्यातच ३१.

३. ही तयारी कशी झाली हे सांगणे आवश्यक आहे. अर्जदार जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्या चिकटवीत बसत (झाडावरच्या आंब्याला आम्ही कागदात गुंडाळतो, हे आपणांस ठाऊक आहेच) आणि शेजारी लोरेलिन टिपणे घेऊन बसे. आधी ती अर्जदारास धडा समजावून सांगे, मग अर्जदाराने तिला प्रश्न विचारायचे, असा रिवाज होता. घंटा ऐकून कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते हा धडा आला, तेव्हा अर्जदार म्हणाल्या, "एवढं कळायला परीक्षा कशाला हवी? आपला कुत्रा तर झाकण वाजलं की धावत येतो." त्यावर लोरेलिन म्हणाली, "नानाय, हेच आहे ते! बघ, तुला येतंय." पोराला जे येते त्याच्या एकच पायरी पुढचे द्यावे, सुरुवातीला हात धरावा आणि जमू लागले की सोडून द्यावा, हा धडा अर्जदारास आजही तोंडपाठ आहे. सहावीनंतर अर्जदारास कोणी काही शिकवले नव्हते. आम्ही शेजारीपाजारी थट्टा करीत असू की, पेपेत, यंदा तूही फॉर्म भरून टाक. तेव्हा त्या लाजत आणि कागदाला जास्तच खळ लावीत.

४. आता अपराध. अर्जदार तो स्वतःहून कबूल करीत आहेत.

परीक्षेआधीच्या रविवारी आमच्या चर्चमध्ये सगळ्या परीक्षार्थींच्या पेन्सिली एका सुपात ठेवून फादरकडून आशीर्वादित करून घेतात. कोणी नर्सिंगचा असो, कोणी मोजणीचा, सूप एकच. त्याआधी वस्तीतली एक बाई प्रत्येक पेन्सिलीच्या मागच्या टोकाला पांढरी फीत बांधते आणि तीत प्रार्थनेची चिठ्ठी गुंडाळते. गेल्या वर्षी ते काम अर्जदाराने मागून घेतले होते. शिसे कडक की मऊ हे सांगणारा आकडा पेन्सिलीच्या त्याच टोकाला छापलेला असतो. तो फितीखाली गेला. सगळ्या पेन्सिली पिवळ्याच होत्या. त्यात शेजारच्या एल्विनच्या दोन होत्या, कडक शिशाच्या, कारण तो मोजणी खात्यात नकाशे काढण्याच्या जागेसाठी परीक्षा देणार होता. सूप परत आल्यावर अर्जदाराने आपल्या मुलीसाठी म्हणून ज्या दोन उचलल्या, त्या एल्विनच्या होत्या.

५. इतकेच असते तरी निभावले असते. सकाळची पत्रिका लोरेलिनने दुकानातून आणलेल्या साध्या पेन्सिलीने सोडवली. आशीर्वादाची तिने अवघड पत्रिकेसाठी राखून ठेवली होती. निघताना अर्जदाराने तिला धक्क्यावर बजावले होते, "एकदा ही हातात घेतलीस की मध्ये बदलायची नाही. बदलली की नशीब फिरतं." संध्याकाळी होडीतून उतरल्यावर मुलगी म्हणाली होती, "नानाय, जरा फिकट उमटत होतं गं. साधी खिशातच होती, बदलावीशी वाटली. पण तू सांगितलं होतंस ना." त्यावर अर्जदाराने तिला शहाणी पोर म्हणून कुरवाळले. हे वाक्य लिहून घ्या, असे बाईंनी लेखनिकास दोनदा सांगितले आहे.

६. डिसेंबरात निकाल आला. लोरेलिन रडली नाही. अर्जदार म्हणाल्या, पुन्हा बस. ती म्हणाली, "कशाला? दुसरं काही चुकलं असतं तर म्हटलं असतं. पोरं कशी शिकतात हेच मला कळत नाही, असं त्यांनी सांगितलंय. मग तीन वर्षं मी त्या पोरांचं केलं काय?" जानेवारीत ती हाँगकाँगला घरकामास गेली. करार दोन वर्षांचा आहे. जाण्याच्या आदल्या दिवशी तिने सगळी टिपणे अर्जदाराच्या रद्दीवर आणून ठेवली आणि म्हणाली, "जाड कागद आहे. आंब्याला चांगला." अर्जदाराने ती बाजूला काढून ठेवायला हवी होती. ते त्यांना सुचले नाही. पोर जाण्याच्या दुःखात हात चालत राहिले आणि सगळ्या टिपणांच्या पिशव्या झाल्या. त्या मोसमात आमच्या वस्तीतल्या आंब्यांवर शिकण्याचे सिद्धांत लटकत होते. हे लिहिताना लेखनिकास हसू आले आणि लगेच लाज वाटली.

७. एप्रिलमध्ये आंबा उतरवायला एल्विन गावी आला. त्याने दोन फीतवाल्या पेन्सिली अर्जदाराच्या हातात दिल्या. "तिया, या तुमच्याकडच्या असाव्यात. माझ्या कडक होत्या, या मऊ निघाल्या. रेघ जाड यायला लागली तशी मी तिथल्या तिथं दुसरी मागून घेतली." बिचाऱ्याला आपण काय बोलून गेलो याची कल्पना नव्हती. अर्जदार आत गेल्या. लोरेलिनच्या खणात दुपारची ती पेन्सील होती. फीत सोडली. आकडा वाचला. त्या दिवशी त्यांनी आंब्याला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या लेखनिकाकडे आल्या. आम्ही दोघांनी एकाच कागदावर दोन्ही पेन्सिलींनी गोल भरून पाहिले. कडक पेन्सिलीचे गोल लेखनिकास चष्मा लावून, उजेडाकडे कागद धरून दिसले. दिसले हे महत्त्वाचे. यंत्राला ते दिसले नसतील, पण माणसाला दिसतात. तो कागद सोबत जोडला आहे.

८. तरी विनंती की, ३० जूनपूर्वी आपल्या कार्यालयातील कोणा एका व्यक्तीने ती उत्तरपत्रिका खिडकीशी धरून पाहावी. पेन्सिलीचा दाब कागदावर राहतोच. बोट फिरवले तरी कळेल.

९. नियम आड येत असल्यास अर्जदाराची दुसरी विनंती अशी की, त्यांना स्वतःला परीक्षेस बोलवावे. लेखनिकाने हा मजकूर गाळावा असे सुचवले होते, बाईंनी ऐकले नाही. त्यांचे म्हणणे असे : आपण कोणताही सिद्धांत विचारावा, त्या उभ्या राहून उत्तर देतील. सहावी शिकलेल्या बाईला पिशव्या चिकटवता चिकटवता हे सगळे ज्या मुलीने शिकवले, तिला शिकवता येत नाही असे कोणत्या कागदावरून ठरते? पुराव्यासाठी त्यांनी बागाईतदारांच्या पाया पडून लोरेलिनच्या टिपणांच्या पिशव्या गोळा केल्या आहेत. बऱ्याच चिकाने चिकटल्या, काही पावसात गेल्या. अक्षर लागते अशा एक्केचाळीस मिळाल्या. त्या सोबत आहेत. वासाबद्दल क्षमा असावी.

१०. यातले काहीच नियमात बसत नसेल, किंवा हा अर्ज पोचेपर्यंत पत्रिका नष्ट झाली असेल, तर परवाना राहू द्या. दुसरीचा वर्ग या जूनपासून दुसऱ्या बाईंकडे गेला आहे, त्याही चांगल्या आहेत. परवा फोनवर लोरेलिन सांगत होती, "इथल्या मालकिणीचा मुलगा माझ्याकडून गणित समजून घेतो, पण मालकीणबाईंना सांगायचं नाही असं आमचं ठरलंय. त्यांना वाटेल, ही कुठून शिकवणार." आणि हसली. त्या हसण्याने अर्जदार हाय खाल्ल्यागत झाल्या आहेत. त्यांना आता फक्त एक ओळ हवी आहे, आपल्या कार्यालयाच्या कागदावर, शिक्क्यासह : 'लोरेलिन गालेनो हिला उत्तरे येत होती, पेन्सील उमटली नाही.' आईने सांगितले तर समजूत काढते आहे असे मुलीला वाटेल. शिक्का असला म्हणजे पटेल. त्याखाली जबाबदार व्यक्तीचे नाव लिहिणे आवश्यक असल्यास पर्पेतुआ गालेनो, नाते आई, असे लिहावे. अर्जदाराची हरकत नाही.

११. शेवटची विनंती. ते पत्र अर्जदाराच्या पत्त्यावर पाठवू नये, सोबतच्या पाकिटातून परस्पर हाँगकाँगला पाठवावे. एप्रिलपासून लोरेलिनचे नऊ फोन आले. प्रत्येक वेळी सांगायचे ठरवून अर्जदार बसल्या आणि प्रत्येक वेळी जेवलीस का एवढेच विचारून फोन ठेवला. पत्र हाती आले, तर ते त्या मुलीला पुढे पाठवतील, याची त्यांना स्वतःचीच खात्री वाटत नाही.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
आपली नम्र,

(सही) पर्पेतुआ गालेनो
सान रोके वस्ती, गिमारास
दि. ३ जून

लिहून घेणार : (सही) नेस्तोर ताबियान, सचिव, सान रोके वस्ती

सोबत :
१) निकालपत्राची प्रत.
२) पेन्सिली, नग तीन : एल्विनने परत केलेल्या दोन, लोरेलिनची एक, फीत सोडलेली.
३) दोन्ही पेन्सिलींनी गोल भरलेला कागद. कृपया उजेडाकडे धरावा.
४) आंब्याच्या पिशव्या, नग ४१.
५) तिकिटे लावलेले पाकीट, वर हाँगकाँगचा पत्ता. पत्ता अर्जदाराच्या हस्ताक्षरात आहे, पाठवणाऱ्याचे नाव कोरे ठेवले आहे.