पंधरा माळा आणि कडुलिंब

दिंडोरी, शुक्रवार, १९९८

“नाय गं सुमन, जप नव्हता तो!” धाकट्या जावेला सांगितलं. गच्चीवर माळ ओढत होते ती फोटोसाठी. अंधारात घड्याळ दिसत नाय, मणी बोटाला कळतात. एक माळ होईस्तोवर कॅमेरा उघडा ठेवला, तर चांदण्यांचे नुसते ठिपके. परवा पंधरा माळा ओढल्या, पुढ्यात कडुलिंब घेतला. आज फोटो धुऊन आला. अगं बाई! कडुलिंबावर चांदण्यांच्या वाकड्या रेघाच रेघा. एवढं आभाळ फिरतं, आन् आपल्याला पत्ता नाय?

सुमन म्हणाली, “देवाची करणी.” म्हटलं, “आन् माझ्या बोटांची?”

ह्यांनी कधी कॅमेऱ्याला हात लावू दिला नाय. खरं लिहिते. हे गेले त्या दिवशी रडता रडता मनात आलं, आता कॅमेरा माझा.