बाबांचा वाडगा

ती. बाबा,

जमलं! आमच्या संग्रहालयातल्या त्या इजिप्तच्या मातीच्या वाडग्यात गोल गोल फिरत जाणारी ओळ आज मी अख्खी वाचली! एका मुलीने गेलेल्या बापाला लिहिलंय, "दादा मला घराबाहेर काढतोय, तुम्हीच बघा त्याच्याकडे." इजिप्तमध्ये तेव्हा रीतच होती. वाडग्यात निरोप लिहायचा, वर खायला ठेवायचं. गेलेला माणूस जेवायला आला की वाचणारच!

"मेलेल्यांची भाषा शिकून बोलणार कुणाशी?" असं म्हणायचात ना? आता तुम्हीच तिकडे गेलात, म्हणून तुमच्या वाडग्यात त्याच लिपीत लिहिलं, "जमलं!"

आईने कपाळावर हात मारला. मग गुपचूप त्यात दूध ओतलं आणि डॉक्टरांनी बंद केलेली साखर चांगली दोन चमचे घातली.

सावकाश प्या.

तुमची हट्टी लेक