परदेशी मोटारीत हरवलेल्या गोधडीचा दावा

तीर्थस्वरूप आण्णासाहेब यांस,

सास्तूरच्या बलभीमचा, हल्ली मुक्काम प्राग, लेकीच्या घरून, दोन्ही हात जोडून नमस्कार. तुमची शुगर, वहिनींचे गुडघे आणि उमरग्याच्या कोर्टातल्या तुमच्या तारखा ठीक असाव्यात. इकडं निकिता बाळंतपणातून सावरली, नात गुटगुटीत हाय (नाक तुमच्यावर गेलंय, पण मोठेपणी बसंल म्हणतात). तुमची बहीण द्वारका तब्येतीनं खुशाल, पण लई गप्प हाय. त्याचं कारण खाली येतंच. तुम्ही मेहुणे तर आहातच, वर वकीलबी, म्हणून कायद्याच्या दोन-चार शंकाही विचारून घेतो.

विमान आमाला जर्मनीत सोडून मोकळं झालं. तिथनं दुसऱ्या देशात जायला यष्टीसारखी मोटार! आपल्याकडं उमरग्याच्या पुढं गेलं की पाटीवरची अक्षरं कानडी होतात, चहाची चव बदलते. इथं आख्खा देश बदलणार, पण ड्रायव्हर निवांत. समोरच्या सीटच्या जाळीत एक कागद होता, प्रवाशांचे हक्क. म्या मोबाईल धरून त्याचं मराठी केलं आन् गारच पडलो. गाडी लई रखडली तर कंपनीनं खायला घालायचं. गाडी सुटायलाच फार उशीर झाला तर दुसऱ्या वाटेनं पोचवायचं, न्हायतर तिकीट परत. अधू माणसाला चढाय-उतरायला मदत फुकट. तक्रार केली तर उत्तर द्यायलाच पायजे. (खिडकीतून रुमाल टाकला की जागा आपली, एवढा एकच हक्क मला साठीपर्यंत ठाऊक होता.) एक शंका : मांडीवरच्या लेकराला हे हक्क लागू का? का ते आईच्या हक्कात बसतं? शेजारच्या गोऱ्या म्हाताऱ्याला खुणेनं विचारलं, त्यानं मला गोळी दिली, खोकल्याची.

द्वारकाच्या मांडीवर पिशवी होती आन् पिशवीत गोधडी. कुठली, ते तुमाला सांगायला नको. तुमच्या मातोश्री नागूबाईंच्या लुगड्याची. पणजीचं लुगडं पहिल्या लेकराच्या अंगाला लागावं, ही तुमच्या घरची रीत. आख्खा दसरा-दिवाळी द्वारका धावदोरा घालत बसली होती. विमानातसुद्धा तिनं ती वरच्या कप्प्यात ठेवू दिली न्हाय.

हद्दीच्या अलीकडं बर्फ लागला आन् गाडी हळूच रस्त्याकडंच्या चारीत उतरली. कुणाला खरचटलंसुद्धा न्हाय, पण सगळ्यांना खाली उतरवून एका पत्र्याच्या आडोशाला उभं केलं. काय ती थंडी, आण्णा! दातावर दात. मी मात्र खुशीत, म्हणलं आता कलमं कामाला येतात का बघू. कंपनीची बाई खाऊ घेऊन आली खरी, पण तोवर तुमच्या बहिणीनं घरच्या दशम्या आन् शेंगाची चटणी काढून ड्रायव्हरसकट सगळ्यांना वाढली होती. बाईनं विचारलं, भूक कुणाला हाय? एक हात वर हुईना. एवढा मोठा हक्क चटणीत बुडाला.

मग दोन छोट्या गाड्या आल्या, आमी एकीत बसलो, पोचलो. घरी पिशवी उघडली तर रिकामी! म्या पिशवी उलटी करून झटकली. द्वारका म्हणाली, जाऊ द्या. पण जाऊ कसं द्यायचं? निकिताला दुभाष्या करून मी फोनवर भांडलो. कंपनी म्हणती, सामानाची भरपाई अपघातात; तुमची गाडी तर नुसती थांबली होती. म्या म्हणलं, चारीत थांबती व्हय गाडी? (म्हणजे बघा, गाडी चांगली उलटली असती तर आपला दावा पक्का होता. असला कायदा कोण करतं?) मग विचारलं, वस्तूची किंमत काय? तिथं मात्र मी अडकलो. जुनं लुगडं म्हणलं तर मातोश्रींचा अपमान, अमोल म्हणलं तर लेकीनं भाषांतर करायला नकार दिला. तरी नेटानं दावा ठोकलाच. द्वारका कोपऱ्यात बसून नुसती ऐकत होती. मला वाटलं, दुःखानं वाचा गेली.

निकिताचा आन् आमचा तुमा सर्वांना नमस्कार. वहिनींनी गुडघ्याला ऊन द्यावं.

आपला,
बलभीम

ता. क. : पत्र पाकिटात घालताना द्वारकानं तोंड उघडलं. गोधडी हरवली न्हाय. त्या आडोशाला कुठल्याशा मुलखातली एक पोरगी होती, पातळ जाकिटात, कडेवर तान्हं, निळं पडलेलं. हिनं त्याला गोधडीत गुंडाळलं. गाड्या आल्या, ती दुसरीत बसली. म्या विचारलं, अगं, मागून का घेतली न्हायस? तर म्हणती, लेकरू झोपलं होतं. आन् मला का न्हाय सांगितलंस? तर म्हणती, तुम्ही एवढ्या हौसेनं भांडत होता.

ता. क. दुसरा : आज कंपनीचा निरोप आला, दावा मंजूर. आता हरवलेली वस्तू हरवलीच नव्हती, हा अर्ज कुठल्या कलमाखाली करू? लवकर कळवा.

ता. क. तिसरा, आन् खरं पत्र एवढंच : मातोश्रींचं दुसरं लुगडं, हिरवं इरकली, तुमच्या ट्रंकेत हाय. त्यावर हक्क तुमचा, त्यात वाद न्हाय. निकिताचा दीर कृष्णराज पुढल्या आठवड्यात गावाकडनं इकडं यायलाय, त्याच्या हाती धाडता येईल. द्वारकाला तोंडानं मागवंना, म्हणून मी एवढं लांबण लावलं. खालची ओळ तिच्या हातची.

आण्णा, गोधडीसाठी फाडायला जीव हुईत नसंल तर नका फाडू. आख्खंच पाठवा. आईचं हाय, बाळावर नुसतं पांघरते आन् तुमचं तुमाला परत आणून देते.